कुत्र्याचा चावा आणि हाडातला पू



दर अंकात या पानावर लागण, बेणे, खताचा हप्ता नाहीतर खोडव्याची मशागत यांविषयी माहिती देण्यात येते. या वेळी आम्ही उसाविषयी लिहिणार नाही. धनज गटातील एका सभासदाच्या सहीवरून दुसराच विषय निघाला आणि तो आम्हांस इतका निकडीचा वाटला की, खोडव्याचा ठरलेला लेख पुढील अंकावर ढकलला आहे.

झाले असे. ऊस नोंदीच्या फॉर्मवर या सभासदाची सही आली ती वाकडीतिकडी, शाळेच्या पहिलीतल्या पोराने काढावी तशी. शेअर रजिस्टरमधील सहीशी ती जुळेना. क्लार्कने नियमाप्रमाणे फॉर्म बाजूला ठेवला. चौकशीसाठी आम्ही त्यांच्या वावरात गेलो, तर गृहस्थ उजवा हात गळ्यात अडकवून धुऱ्यावर बसलेले. म्हणाले, "सही माहीच आहे जी, डाव्या हातानं केली. उजव्याचं बोट कापलं."

हे बोट कशाने गेले? कोयत्याने नाही, कडबा कटरमध्येही नाही. घरच्याच कुत्र्याच्या दाताने गेले, तेही चावल्यापासून अडीच महिन्यांनी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे राखणीचे कुत्रे आणि एक भटके कुत्रे शेतात एकमेकांना भिडले. आपल्या भागात रोही आणि रानडुकरे यांच्या त्रासामुळे शेतावर कुत्रे बाळगावेच लागते, हे सांगायला नको. यांनी हाताने सोडवायला जावे आणि घरच्याच कुत्र्याचा दात उजव्या तर्जनीच्या मधल्या सांध्यावर बसावा, असा प्रसंग. दोन छिद्रे पडली, ज्वारीच्या दाण्याएवढी. कॅनमधले पाणी ओतले, चुना-हळद दाबली, फडके बांधले. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेले. तेथे धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले, रेबीजच्या लशीचा पहिला डोस मिळाला, पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. लशीच्या पुढल्या सगळ्या तारखा त्यांनी पाळल्या. गोळ्या मात्र दोनच दिवस घेतल्या, कारण छिद्रे वरून बुजली होती आणि ठणका कमी झाला होता. उरलेल्या गोळ्या देवळीत पडून राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही बेणे मळा पाहायला त्यांच्याकडे गेलो होतो. बोट सुजलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. "काही नाही, दोन-चार दिवसांत ओसरेल," असे आम्हीच म्हणालो आणि बेण्याच्या डोळ्यांकडे वळलो. हे येथे लिहिणे आम्हांस भाग आहे. आमचे शिक्षण कृषी पदविकेपुरते. माणसाच्या दुखण्यावर मत द्यायचा आम्हांला अधिकार नव्हता, आणि जे मत दिले ते चुकीचे होते.

पुढे बोटावर एक पुळी आली, फुटली, पू आला, बुजली, पुन्हा फुटली. दुकानातून आणलेल्या गोळ्या कधी तीन दिवस, कधी चार दिवस, असे चालले. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा बोटाचे मधले हाड कुरतडल्यासारखे दिसले. त्यातला एक तुकडा मेलेला, सुटा झालेला. दोनदा शस्त्रक्रिया झाली. सांधा वाचला नाही आणि शेवटी बोटाची पुढली दोन पेरे काढावी लागली. त्यानंतर आम्ही डॉक्टर मंडळींना बरेच खोदून विचारले. जे समजले ते आपल्या भाषेत मांडत आहोत.

बाहेर छिद्र, आत पोकळ

कांडी किड लागलेला ऊस आपण सर्वांनी पाहिला आहे. वरून बघाल तर सुईच्या टोकाएवढे छिद्र. चिरून पाहावे तर आतला गाभा खाल्लेला आणि लाल पडलेला. कुत्र्याच्या सुळ्याचे काम असेच असते. सुळा खोल जातो, त्याच्याबरोबर लाळ आणि तोंडातले जंतू खोल जातात, आणि दात निघाला की वरची कातडी दोन दिवसांत मिटते. आत जंतूंना ऊब मिळते, रक्ताचा ओलावा मिळतो आणि हवा कमी लागते. कुत्र्याच्या तोंडात हवा नको असणारे जंतूही पुष्कळ असतात, त्यांची तर सोयच होते. वरून मोठी फाटलेली जखम दिसायला भयंकर, पण ती धुतली जाते आणि वाहती राहते. लहान छिद्र दिसायला निरुपद्रवी, पण धुतलेच जात नाही. म्हणून रक्त किती गेले यावरून चाव्याची किंमत करू नये.

शिवाय कुत्र्याचा जबडा नुसता टोचत नाही, चिरडतो. चिरडलेल्या मांसात रक्ताचा पुरवठा कमी होतो. हाताचे लहान हाड अशा दाबाने मोडूही शकते. कधी दाताचा कपचा आत राहतो. मांजराचे दात बारीक आणि टोकदार, ते तर इंजेक्शनच्या सुईसारखे हाडापर्यंत जातात. म्हणून मांजराच्या चाव्यात पू होण्याचे प्रमाण कुत्र्याहून पुष्कळ जास्त आहे. घरात मांजर चावले तर कोणी दवाखान्यात जात नाही, ही आपली आणखी एक सवय.

आता हात. मांडीला किंवा पोटरीला चावा बसला तर हाडापर्यंत पोचायला मध्ये मांस असते. बोटावर काय असते? कातडी, तिच्याखाली कंडरा, आणि लगेच हाड व सांधा. सांध्याची पिशवी कातडीपासून किती वर आहे हे मूठ वळून पाहिले तरी कळते. कंडरा एका नळीतून सरकतात. त्या नळीत एकदा पू शिरला की पाटाच्या पाण्यासारखा तो बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंत पसरतो. हाताचा चावा हा डॉक्टर नेहमी जोखमीचा धरतात, तो यासाठी.

आणि हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते. त्यावर पातळ आवरण असते, आत मगज असतो, आणि बारीक नळ्यांतून रक्त खेळते. या नळ्यांना फुगायला जागा नसते. मांसात पू झाला तर मांस सुजते, जागा देते; हाडात पू झाला तर तो दाब धरतो, रक्ताच्या नळ्या दबतात, आवरण हाडापासून सुटते, आणि रक्त न मिळालेला हाडाचा तुकडा मरतो. मेलेल्या तुकड्यात रक्तच जात नाही म्हटल्यावर रक्तातून येणारे औषध तरी कसे जाणार? ठिबकचा ड्रिपर चोक झाला असताना टाकीत कितीही खत सोडले तरी त्या उसाच्या बुडाशी एक थेंब पडत नाही, तसाच हा प्रकार. जंतू त्या मेलेल्या हाडावर चिकट थर करून बसतात. त्या थरातून औषध नीट शिरत नाही आणि अंगातल्या पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. मग पू बाहेर यायला वाट शोधतो, कातडीला तोंड पाडतो. त्याला आपल्याकडे नासूर म्हणतात, आणि हाडापर्यंत गेलेल्या अशा जखमेला जुनी माणसे हाड्याव्रण म्हणत. वरचे तोंड कधी कधी महिनोन् महिने बंद राहते आणि रोगी बरा झाल्यासारखा वाटतो. पण आत मेलेला तुकडा असेपर्यंत ते पुन्हा उघडल्याशिवाय राहत नाही.

खोडवा राखताना आपण बुडखे जमिनीलगत छाटतो आणि मग औषध फवारतो. कुजके बुडखे ठेवून नुसते औषध मारले तर काय होते, हे ज्यांनी आळस केला त्यांना विचारावे. हाडाच्या बाबतीत सर्जन नेमके हेच करतो. मेलेले हाड आणि सडलेले मांस रक्त दिसेपर्यंत काढून टाकायचे, मग औषध द्यायचे. तेही पाच-सात दिवस नाही, साधारणपणे चार ते सहा आठवडे, त्यातले सुरुवातीचे बरेच दिवस शिरेतून. सहा आठवडे म्हणजे ऐन तोडणीच्या हंगामातला दीड महिना. यात घरचे एक माणूस दवाखान्यात अडकते ते वेगळेच.

घटसर्पाचा भाऊबंद

कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंमध्ये एक घराणे आहे, त्याचे नाव पाश्चुरेला. याची ओळख आपल्याला गोठ्यातून आहे, फक्त नाव ठाऊक नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जनावरांना घटसर्पाची लस टोचतो ना? म्हशीचा गळा सुजतो, घरघर लागते आणि एका रात्रीत जनावर जाते, तो घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूमुळे होतो. कुत्र्या-मांजराच्या तोंडात याच घराण्याचे जंतू बिऱ्हाड करून असतात. जात वेगळी, पण भाऊबंद. कुत्र्याला त्यांचा काही त्रास नसतो. माणसाच्या जखमेत ते शिरले की एका दिवसाच्या आतच लाली, सूज आणि भयंकर ठणका सुरू होतो. यांच्या जोडीला कातडीवरचे गळवाचे जंतूही असतात. चाव्याच्या जखमेत बहुधा एकाहून अधिक प्रकारचे जंतू सापडतात.

पाश्चुरेला हे नाव लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञावरून पडले. योगायोग पाहा, आपल्या या विषयाचे तिन्ही धागे या एकाच माणसाच्या हातातून गेलेले आहेत. १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर त्याने काम केले, तो कॉलरा याच पाश्चुरेलाचा. त्याच १८८० साली हाड पिकलेल्या एका मुलीच्या पुवात त्याला गळवातल्यासारखेच जंतू दिसले आणि हाड पिकणे म्हणजे हाडाच्या मगजात झालेले गळूच, असे त्याने सांगून टाकले. त्या काळच्या डॉक्टरांना ते पटायला जड गेले. पुढे ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मैस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्याने रेबीजची लस टोचली. मुलगा जगला.

आपल्याकडील वयस्क सभासदांना पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने आठवत असतील. कसौली येथे १९११ साली डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवायची ती लस. तिच्या भीतीने कित्येकांनी चावा लपवला. २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन देशात थांबले. आजची लस दंडात देतात आणि ती फार सौम्य आहे. तरीही "पोटात चौदा सुया" ही धास्ती गावोगाव अजून ऐकू येते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सुया घेतल्या म्हणजे झाले का?

आमच्या सभासदाची चूक येथेच झाली, आणि ती चूक अगदी समजदार माणसाची आहे. कुत्रे चावल्यावर रेबीजची लस पूर्ण केली, आता काळजी नाही, असे त्यांनी धरले. रेबीजची लस ही फक्त रेबीजच्या विषाणूसाठी आहे. पू करणाऱ्या जंतूंवर तिचा काडीचा परिणाम होत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तसेच. उसाला लाल कुजेसाठी बेणे प्रक्रिया केली म्हणजे हुमणी लागणार नाही असे नसते. तीन वेगवेगळे धोके, तीन वेगवेगळे बंदोबस्त.

उलट बाजूनेही घोटाळा होऊ नये. हाडाच्या पुवाबद्दल आम्ही एवढे लिहितो म्हणून रेबीजचे महत्त्व कमी, असा अर्थ कोणी काढू नये. हाड पिकले तर बोट जाते, रेबीज झाला तर माणूस जातो. लक्षणे सुरू झाल्यावर त्यावर उपाय जवळपास नाहीच. २०२४ या एका वर्षात देशात ३७ लाखांवर कुत्राचाव्यांची नोंद झाली. नोंद न झालेले वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा की, वर्षाला सर्व प्राण्यांचे मिळून ९१ लाख चावे होतात, त्यांतील चारातले तीन कुत्र्यांचे, आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे दगावतात.

म्हणून चावा बसला की पहिले काम एकच, आणि ते तिन्ही धोक्यांवर उपयोगी आहे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुणे. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा. मोटार चालू असेल तर पाइपाच्या धारेखाली हात धरावा, ठिबकची नळी सोडून धरली तरी चालेल, कॅनमधला तांब्याभर पाणी ओतणे म्हणजे धुणे नव्हे. छिद्र असेल तर त्यात पाणी जाईल असे धरावे. अंगाचा, कपड्याचा, कोणताही साबण चालतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावावे. चुना, मिरची, तंबाखू, शेण, मातीचे तेल यांपैकी काहीही लावू नये. चुन्याने जिवंत मांस भाजते, आणि भाजलेले मांस हे जंतूंचे आवडते खाद्य. वैदूकडे जायचे असेल तर आमची काही तक्रार नाही, पण आधी जखम धुवून आणि दवाखाना करून जावे.

दवाखान्यात गेल्यावर कातडी फुटून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेतच एक सीरम भरतात. ते दुखते. त्याला नाही म्हणू नये, लशीचा गुण यायला वेळ लागतो, तोवर हे सीरम राखण करते. लस दंडाच्या कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा तारखा असतात. स्नायूत देतात तेव्हा चौदावा दिवस वाढतो. पहिला दिवस शून्य धरून ही मोजणी आहे. शासकीय दवाखान्यात ही लस मोफत मिळते. कुत्रे घरचे आहे, त्याला लस टोचलेली आहे, म्हणून थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी हे खरे, पण आपली लस पहिल्याच दिवशी सुरू करून मग नजर ठेवावी. कुत्र्याला मारून टाकले तर नजर कोणावर ठेवणार?

चावलेल्या जखमेला लगेच टाके घालत नाहीत. काही सभासद यासाठी डॉक्टरशी वाद घालतात असे ऐकतो. टाके घालून तोंड बंद केले की जंतू आत कोंडले जातात. चेहऱ्याच्या जखमेचा विचार वेगळा असतो, तो सर्जनने करायचा. हाताला चावा असेल, खोल छिद्र असेल, किंवा माणसाला मधुमेह असेल, तर पू व्हायच्या आधीच डॉक्टर तीन ते पाच दिवसांच्या गोळ्या देतात. बहुधा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल यांची जोडगोळी असते. पाश्चुरेलावर सगळी औषधे चालत नाहीत. फोडासाठी म्हणून दुकानातून सहज मिळणाऱ्या कित्येक गोळ्या या जंतूला काहीच करत नाहीत. "मागच्या खेपेस भाच्याला दिल्या होत्या त्याच द्या" हा हिशेब येथे उपयोगाचा नाही. आणि दिलेला कोर्स पुरा करावा. ठणका थांबला याचा अर्थ जंतू मेले असा नाही.

ओळखावे कसे

चाव्यांपैकी बहुतेक जखमा पिकत नाहीत, आणि पिकल्या त्यांतही हाडापर्यंत जाणाऱ्या थोड्याच. कोणी घाबरून जाऊ नये. पण ज्या जातात त्या हळू जातात, आणि माणूस फसतो तो या हळूपणाला. पहिल्या दोन-चार दिवसांत लाली आणि सूज आली तर माणूस आपोआप दवाखान्यात जातो. हाडाचा पू मात्र दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढतो, कुत्रे चावल्याचे तोवर विसरलेले असते. वरची जखम भरली आणि आतला ठणका रात्रीचा वाढतो आहे. बोट सरळ करताना जीव जातो. सांधा गरम लागतो. भरलेली जागा पुन्हा उघडून पू येतो. अंगात बारीक ताप राहतो. यांपैकी एक जरी असले तरी डॉक्टरांना "दीड महिन्यापूर्वी कुत्रे चावले होते" हे वाक्य आठवणीने सांगावे. न विचारता सांगावे.

क्ष-किरण फोटोबद्दल एक गोष्ट आम्हांला नवीन कळली. हाड आत पिकायला लागले तरी साध्या फोटोत दहा ते चौदा दिवस काही दिसत नाही, कारण हाडातला चुना बराच कमी झाल्याशिवाय फोटोत फरक पडत नाही. म्हणजे पहिला फोटो स्वच्छ आला तरी हाड स्वच्छ आहे असे ठरत नाही. दुखणे राहिले तर दोन आठवड्यांनी दुसरा फोटो काढावा लागतो. लवकर पाहायचे तर एमआरआय. रक्तातील ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांवरून आत आग पेटली आहे का, याचा अंदाज येतो. पण कोणता जंतू आहे हे ठरते ते पुवाच्या, आणि त्याहून चांगले म्हणजे हाडाच्या तुकड्याच्या कल्चरवरून. मधल्या काळात अर्धवट गोळ्या खाल्लेल्या असतील तर कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि डॉक्टरला अंधारात औषध द्यावे लागते. आमच्या सभासदाचे पहिले कल्चर असेच कोरे आले.

मधुमेह असणाऱ्यांनी, दारूमुळे यकृत बिघडलेल्यांनी, आणि पूर्वी अपघातात प्लीहा काढलेल्यांनी लहानशा चाव्यालाही लहान समजू नये. कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू, ज्याची प्रथम नोंद १९७६ सालची, या लोकांच्या रक्तात पसरून दोन-तीन दिवसांत जीव धोक्यात आणतो.

धनजच्या माणसाला कारंजा जवळ आणि वाशिम लांब. लस, सीरम आणि जखम धुण्यासाठी जवळचे शासकीय रुग्णालय पुरे. हाडाची शंका आली तर मात्र हाडाचे सर्जन असतील तेथेच जावे. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; वाशिम आणि अमरावती येथेही २०२४ मध्ये नवी महाविद्यालये मंजूर होऊन सुरू झाली. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे. रेशनकार्ड बरोबर न्यावे.

तोडणीच्या टोळ्या

हे सारे सभासदांसाठी लिहिले, पण फडातल्या माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे. टोळी उतरते तेथे दोन दिवसांत कुत्री जमतात. कोप्यांना दारे नाहीत. आई-बाप पहाटे फडात आणि लहान पोरे कोपीपाशी भाकरी हातात घेऊन बसलेली. कुत्र्याचे तोंड आणि पोराचे तोंड एका उंचीवर. म्हणून लहान मुलांना चावा बसतो तो डोक्याला, चेहऱ्याला, मानेला. तान्ह्या मुलाच्या डोक्याचे हाड पातळ असते, मोठ्या कुत्र्याचा सुळा ते भेदू शकतो. वरून केसांत छोटीशी जखम दिसते आणि आत पू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अशा मुलाला नुसती लस टोचून परत आणू नये, डोक्याची तपासणी करून घ्यावी. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या चाव्यात रेबीजही लवकर उद्भवतो, तेव्हा त्यात एक दिवसही घालवता येत नाही.

टोळीच्या अडचणी आम्हांला माहीत आहेत. एका कोयत्याचा खाडा म्हणजे उचलीतून कापले जाणारे पैसे. लशीचा तिसरा दिवस येतो तेव्हा टोळी दुसऱ्या गावच्या फडात गेलेली असते आणि कार्ड मुकादमाच्या खिशात राहते. कार्ड दाखवून पुढला डोस दुसऱ्या शासकीय दवाखान्यातही घेता येतो, हे मुकादमांना आम्ही तोंडी सांगितले आहे. सभासदांनीही आपल्या फडात सांगावे. ज्याच्या उसाची तोड चालू आहे त्याने आपल्या मोटारसायकलवर पोराला दवाखान्यात नेले तर त्यात काही कमीपणा नाही. धनज गटाच्या चिटबॉयजवळ यंदा साबणाच्या वड्या आणि पोव्हिडोन आयोडीनची बाटली ठेवली आहे. प्रत्येक टोळीने उतरल्या दिवशी मागून घ्यावी. कोपीजवळ खरकटे टाकू नये, त्यानेच कुत्री वाढतात.

शेतावरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. भांडणारी कुत्री हाताने सोडवू नयेत. पाणी फेकावे, पोते टाकावे, पाइपाची धार मारावी. आमच्या सभासदाच्या घरचे ते कुत्रे दहा दिवसांनंतरही धडधाकट होते आणि आजही राखणीवर आहे. त्यांना कुत्र्याचा राग नाही. "थे काय करन जी, मीच हात घातला," असे म्हणतात.

त्यांच्या नोंदीचा प्रश्न असा सुटला. डाव्या हाताच्या सहीचा नवा नमुना दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन शेअर रजिस्टरला आणि बँकेला पाठवला. नोंद मूळ तारखेनेच धरण्यात आली, त्यांचा तोडणीचा क्रम मागे पडलेला नाही. बोट, हात किंवा नजर गेल्यामुळे ज्यांची सही बदलली असेल अशा इतर सभासदांनीही ऊसबिलाची वाट न पाहता आपल्या गट ऑफिसात येऊन नवा नमुना भरून द्यावा. येताना आधारकार्ड आणि शेअर सर्टिफिकेट आणावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते